कुलपातील कादंबऱ्या

धर्मगुरूने प्रेमकादंबऱ्यांवर लेख लिहावा, हे काही वाचकांना खटकेल याची आम्हांस जाणीव आहे. ज्याने संसाराचा उंबरठा ओलांडला नाही, त्याने नायक-नायिकांच्या गोष्टी सांगू नयेत, असे कोणी म्हटल्यास आम्ही वाद घालणार नाही. परंतु या विषयात आमच्या नावावर एक जुने देणे आहे आणि ते फेडायचे तर आधी कबूल करावे लागते.

१९९८ साल. गुरुदीक्षा होऊन वर्षही उलटले नव्हते. वसईतील एका धर्मग्रामात सहाय्यक म्हणून आमची नेमणूक झाली होती आणि चर्चशेजारच्या वाचनालयाची किल्ली आमच्या हाती आली होती. वाचनालय म्हणजे एक खोली, एक लांब बाक आणि एक लाकडी कपाट. सेमिनरीतून नुकत्याच बाहेर पडलेल्या तरुणास सारे जग सुधारण्यायोग्य दिसते. आम्ही वाचनालयापासून आरंभ केला. त्याच सुमारास शाळेत इंग्रजी शिकवणाऱ्या एका बाईंनी दोन खोकी भरून पुस्तके भेट दिली. बहुतेक सगळ्या 'मिल्स अँड बून'च्या पातळ कादंबऱ्या. मुखपृष्ठांवर आलिंगने, समुद्रकिनारे, वाऱ्यावर उडणारे केस. आम्ही एकही पुस्तक न उघडता ती सारी कपाटाच्या खालच्या कप्प्यात रचली आणि कुलूप लावले.

पंधरवड्याने बाई आल्या. भांडल्या नाहीत. एवढेच विचारले, "फादर, यांतली कोणती वाचलीत?"

मुखपृष्ठेच पुरेशी बोलकी आहेत, असे काहीसे उत्तर आम्ही दिले. ते उत्तर देताना स्वतःच्या हजरजबाबीपणाचे आम्हांस कौतुकही वाटले होते, हे आज लिहिताना संकोच होतो.

"मुखपृष्ठ लेखिका काढीत नाही, फादर," बाई म्हणाल्या आणि छत्री उघडून निघून गेल्या. त्यानंतर त्यांनी वाचनालयात पाऊल टाकले नाही. आमची बदली झाली, किल्ल्यांचा जुडगा दुसऱ्याकडे गेला, आणि आम्ही ते विसरलो.

दोन वर्षांपूर्वी आम्ही प्रमुख धर्मगुरू म्हणून ज्या गावी आलो, तेथेच बाई आपल्या लेकीकडे राहत होत्या. पहिल्या शुक्रवारी आजाऱ्यांना ख्रिस्तप्रसाद देण्यासाठी फिरताना खिडकीपाशी खाटेवर बसलेल्या एका वृद्धेने आवाजावरूनच आम्हांस ओळखले. मधुमेहाने दृष्टी जवळजवळ नेली होती. प्रार्थना झाली. मग बाई म्हणाल्या, "फादर, दहा मिनिटे आहेत का? नातीने मुंबईहून पुस्तके आणलीत. लेकीला वेळ नाही, आणि नात वाचते ती आगगाडीसारखी."

उशाशी इंग्रजी प्रेमकादंबऱ्यांची चळत होती. आम्ही दाराकडे पाहिले, घड्याळाकडे पाहिले, आणि पहिले पुस्तक उचलले. त्या दहा मिनिटांचे पुढे दर आठवड्याला पाऊण तास झाले.

पहिले पुस्तक सॅली थॉर्न या ऑस्ट्रेलियन लेखिकेचे 'द हेटिंग गेम' (२०१६). दोन प्रकाशनसंस्था एकत्र होतात आणि त्यांच्या दोन प्रमुखांचे दोन साहाय्यक, ल्यूसी आणि जोशुआ, एकाच दालनात समोरासमोर बसतात. दोघे एकमेकांना पाण्यात पाहतात. गोष्ट सारी ल्यूसीच्या तोंडून. जोशुआ आपल्या वहीत पेन्सिलीने काही खुणा करतो. तो आपल्या चुका नोंदवतो आहे, अशी तिची खात्री. आम्ही वाचत होतो ते जरा कंटाळून. तोच बाईंनी हात वर केला.

"थांबा. ती काय समजते ते कळले. आता तो काय करतो तेवढेच बघा."

हा आमचा पहिला धडा. नायिका सांगते एक, आणि नायकाची कृती दाखवते दुसरे. त्या दोहोंच्या फटीतून वाचकाला नायिकेच्या आधी खरे दिसू लागते. नायक "मी फार प्रेमळ आहे" असे म्हणू लागला की तो संपला. त्या खुणांचा खरा अर्थ पुढे उलगडतो, तेव्हा ल्यूसीपेक्षा आपण शहाणे होतो याचा वाचकाला आनंद होतो, आणि तिच्याविषयी माया वाटते. पुढे एका प्रकरणात ल्यूसी तापाने फणफणते. हा घुम्या, कपाळावर आठी असलेला माणूस रात्रभर तिची शुश्रूषा करतो. आपल्या डॉक्टर भावालाही बोलावून घेतो. ते प्रकरण बाईंनी दोनदा वाचून घेतले.

"चाळीस वर्षे मी या घरात सर्वांचे ताप काढले, फादर," त्या म्हणाल्या. "माझ्या तापात मीच उठून पेज केली." त्यात तक्रार नव्हती; त्यांचे यजमान सज्जन होते, आम्ही त्यांना ओळखत होतो. पण आम्ही ते पुस्तक मिटून काही वेळ तसेच बसलो.

नंतर आमच्या वाचनात जॅनिस रॅडवे या अमेरिकन विदुषीचे 'रीडिंग द रोमान्स' (१९८४) आले. त्यांनी एका गावातील प्रेमकादंबऱ्यांच्या नियमित वाचक स्त्रियांशी बोलून त्यांच्या आवडीनिवडी लिहून काढल्या. नायक बलदंड असावा असे त्या स्त्रिया म्हणतील, ही आमची अपेक्षा. त्यांनी पुढे ठेवले ते निराळेच: बुद्धी, कोमलता, विनोदबुद्धी. नायिकाही बुद्धिमान, हसरी आणि स्वतःच्या मतावर उभी राहणारी हवी. आणि शेवट सुखाचा. रॅडवे यांचा निष्कर्ष असा, की जी देखभाल या स्त्रिया रोज इतरांना पुरवतात, तीच त्यांना नायकाच्या रूपाने कोणीतरी पुरवते. पुस्तकातील तर्क थोडा ओढून आणलेला आहे, हे आम्ही नमूद करतो. परंतु पेजेची गोष्ट ऐकलेल्या माणसाला तो सर्वस्वी झिडकारता येत नाही.

आमच्या तारुण्यात मराठीतही प्रेमकथांना तोटा नव्हता. आमच्या घरी खांडेकर उघड वाचले जात आणि फडके उशीखाली. ना. सी. फडक्यांनी तर कादंबरीच्या तंत्रावर 'प्रतिभासाधन' (१९३१) हा ग्रंथच लिहिला. चंद्रकांत काकोडकरांच्या 'श्यामा' या कथेवर (१९६२) अश्लीलतेचा खटला झाला आणि १९६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना निर्दोष ठरवले. न्यायमूर्तींनी निदान कथा वाचून निकाल दिला, हे आमच्या कुलपाच्या संदर्भात आम्हांस बोचते. असो.

बाईंची परीक्षा कडक होती. नायक येण्यापूर्वी नायिकेला काही काम आहे का, हा पहिला प्रश्न. तिचे काहीच नसेल, ती नुसती वाट पाहत बसली असेल, तर बाई म्हणत, "ठेवा ते. हिला नवरा मिळाला तरी ती रिकामीच राहणार." दुसरा प्रश्न नायकाविषयी: हा माणूस कोठे काय गमावतो? तिसरा दोघांविषयी: यांच्यामध्ये जो अडथळा आहे, तो पाच मिनिटे नीट बोलल्यास दूर होईल का? होत असेल तर ती कादंबरी फोल. खरा अडथळा माणसाच्या स्वभावातून यावा, चिठ्ठी हरवल्याने नव्हे.

आमचा एक आक्षेप होता. या कादंबऱ्यांत शेवट आधीच ठाऊक असतो. मग वाचायचे कशाला? बाई हसल्या. "फादर, पास्काच्या आदल्या रात्री तुम्ही शेवट ठाऊक नसल्यासारखे वाचता का?" यावर सेमिनरीत शिकवलेले कोणतेही उत्तर आम्हांस सुचले नाही. शेवट ठाऊक असतो म्हणूनच वाचक मधल्या काळोखात शिरण्याचे धाडस करतो, एवढे मात्र उमगले.

गमावण्याचा मुद्दा त्यांनी जेन ऑस्टिनवरून समजावला. 'प्राइड अँड प्रेज्युडिस' (१८१३) त्यांनी मुलींना वर्षानुवर्षे सांगितलेली. डार्सी एलिझाबेथला पहिली मागणी घालतो ती उपकार केल्यासारखी. ती नकार देते, आणि त्याच्या वागण्यातील उणेपण तोंडावर सांगते. येथे दुर्बल लेखकाने नायकाकडून दुसऱ्या दिवशी क्षमा मागवली असती. ऑस्टिन तसे करीत नाही. तो पत्र लिहितो, आणि ते वाचून एलिझाबेथला आपलीही पारख चुकल्याचे कळते. मग तिची धाकटी बहीण विकमबरोबर पळून जाते, तेव्हा डार्सी, ज्या माणसाचा त्याला तिटकारा, त्यालाच लंडनमध्ये शोधून काढतो, त्याची कर्जे फेडतो, लग्न लावून देतो. आणि हे एलिझाबेथला कळू नये अशी तजवीज करतो. तिला ते इतरांकडून कळते.

विवाहित जोडपी आमच्याकडे तंटे घेऊन येतात. पुरुष हमखास म्हणतो, "फादर, सॉरी म्हटले की मी! आणखी काय करू?" आजवर आम्ही त्या बिचाऱ्याची बाजू घेत आलो. डार्सी पुन्हा वाचल्यापासून आम्ही त्याला विचारतो, की ते म्हणताना तुझे काय खर्ची पडले?

नायिकेच्या बाबतीत बाईंचा आदर्श जेन एअर. शार्लट ब्राँटेच्या या कादंबरीत (१८४७) रॉचेस्टरची पहिली पत्नी जिवंत असल्याचे ऐन लग्नात उघड होते. जेनचे त्याच्यावर प्रेम आहे; जगात तिला दुसरे कोणी नाही; तरीही ती रात्रीच घर सोडते. परत येते ती वारशाने मिळालेल्या वीस हजार पौंडांतील तीन हिस्से भावंडांना वाटून, स्वतःच्या पायांवर उभी राहून. "जी जाऊ शकते तिच्याच थांबण्याला अर्थ," बाई म्हणाल्या. हे वाक्य आम्ही विवाहपूर्व शिबिरात दोनदा वापरले आहे, नाव न सांगता.

त्या 'मिल्स अँड बून'विषयीही सांगितले पाहिजे. १९०८ साली लंडनमध्ये निघालेली ही संस्था आरंभी सर्व प्रकारची पुस्तके काढी. १९३०च्या दशकात तेथील पैसे घेऊन पुस्तके देणाऱ्या छोट्या वाचनालयांच्या जोरावर ती प्रेमकादंबरीकडे वळली. १९७१ मध्ये कॅनडाच्या हार्लेक्विनने ती विकत घेतली. तिच्या जुन्या कादंबऱ्या केवळ नायिकेच्या नजरेतून लिहिलेल्या असत. नायकाच्या मनात काय आहे ते शेवटपर्यंत झाकलेले, त्यामुळे त्याचा उर्मटपणाही गूढ वाटे. पुढे, साधारण १९८०च्या दशकापासून, नायकाची बाजूही लेखिका लिहू लागल्या आणि मग त्याची पंचाईत झाली. मन उघडे पडल्यावर नुसते ताठ राहून भागेना. त्याला भीती हवी, कारण हवे.

कुलपातील सारेच निर्दोष होते, असे मात्र आम्ही म्हणणार नाही. त्या काळातील कित्येक प्रेमकथांत नायक नायिकेवर बळजोरी करतो आणि लेखिका त्यालाच उत्कटता म्हणते. कॅथलीन वूडिविस यांच्या गाजलेल्या 'द फ्लेम अँड द फ्लॉवर'चा (१९७२) आरंभच तसा आहे. बाईंनीही ते मान्य केले. "त्या खोक्यांत तशीही चारदोन होती. ती कुलपात ठेवलीत ते बरेच केलेत. पण निवडून ठेवायची होतीत." आजच्या कादंबऱ्यांतील उघड्या शृंगाराचे काय, हे वाचक विचारतील. अशी पाने आली की बाई म्हणत, "उलटा, फादर. तुम्ही लाजाल आणि मला झोप येईल."

या पावसाळ्यात आम्ही एमिली हेन्रींचे 'बुक लव्हर्स' (२०२२) वाचले. नोरा ही न्यूयॉर्कमधील साहित्यिक एजंट, कामात वाघीण. अशा कथांत नायक शहरातील कठोर मैत्रिणीला सोडून खेड्यातील गोड मुलीकडे जातो. नोरा ही ती सोडली जाणारी मैत्रीण. लेखिकेने तिलाच मध्यभागी आणले. तिचा कडकपणा कोठून आला तेही हळूहळू कळते: आई गेल्यावर धाकट्या बहिणीला तिनेच सांभाळले, हातातले सोडले तर सारे कोसळेल, ही भीती. चार्ली हा संपादक तिला मऊ करायला येत नाही. ती आहे तशीच त्याला आवडते. बाई बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "शाळेत मला सगळे खडूस म्हणत."

दुसऱ्या दिवशी आम्ही मोटारसायकल काढून त्या जुन्या धर्मग्रामात गेलो. वाचनालयाची खोली आता जिन्याखालच्या अडगळीसारखी झाली आहे. कपाट तेथेच होते. खालच्या कप्प्याची किल्ली कोणाकडेच नव्हती. कुलूप फोडावे लागले. आत वाळवीने वारूळ घातले होते. झटकून, पुसून, जेमतेम अकरा पुस्तके हाती लागली. ती कापडी पिशवीत घालून शुक्रवारी बाईंच्या मांडीवर ठेवली आणि जे पंचवीस वर्षांपूर्वी म्हणायला हवे होते ते म्हटले. आमचा आवाज प्रवचनातल्यासारखा राहिला नव्हता.

बाईंनी एकेक पुस्तक हाताने चाचपले, नाकाशी नेले.

"वाळवीने तरी वाचली," त्या म्हणाल्या. थोड्या वेळाने विचारले, "मुखपृष्ठे आहेत का हो?"

बहुतेकांची गेली आहेत, असे आम्ही सांगितले.

"बरे झाले. घ्या वरचे, आणि पहिल्या पानापासून वाचा."