एकोणीस इंची नळी

न्यू जर्सीत एडिसनला माझा आतेभाऊ राहतो. त्याच्या तळघरात पॅक-मॅनचं जुनं यंत्र आहे. नामकोने 1980 साली जपानात काढलेला हा खेळ अमेरिकेत मिडवेने आणला, त्यांनी बनवलेल्यांपैकीच हे एक. भावाला ते स्वस्तात मिळालं. स्वस्तात का, ते मी पाहिलं तेव्हा लगेच कळलं: लाल भूत चॉकलेटी दिसत होतं आणि यंत्र बंद केल्यावरही काचेवर चक्रव्यूहाच्या रेषा शिल्लक होत्या. वर्षानुवर्षं एकच चित्र एकाच जागी उमटलं की आतला फॉस्फर तेवढाच जळतो, त्याला इलाज नाही.

भावाने आधी सर्किटचे सुकलेले कपॅसिटर बदलून पाहिले, मग ईएचटी, म्हणजे नळीला हजारो व्होल्ट पुरवणारा ट्रान्सफॉर्मर. चित्र स्थिर झालं, पण लाल रंग काही परतला नाही. चित्राची काचेची नळीच दमली होती.

"एलसीडी लाव की," मी म्हटलं. त्याने असं पाहिलं, की जणू मी पुरणपोळीवर केचप मागितलं. त्याचं म्हणणं मात्र बिनतोड होतं. पॅक-मॅनचा बोर्ड सेकंदाला साधारण सोळा हजार आडव्या ओळी पाठवतो. संगणकाचा पडदा बहुधा याच्या दुप्पट वेगाखाली चित्र धरतच नाही. मधे कन्व्हर्टर बसवावा लागतो. आणि 224 बाय 288 ठिपक्यांचं चित्र हजारभर ओळींच्या पडद्यावर ताणलं की ठिपके कडक, चौकोनी दिसतात. नळीवर त्यांच्या कडा जराशा विरतात, आणि ते चित्र रंगवणाऱ्याने तेच गृहीत धरलेलं असतं.

नव्या नळ्या आता कोण बनवणार? म्हणून जुना एकोणीस इंची टीव्ही शोधायचा. मानेची जाडी, मागच्या पिनांची मांडणी, किरण वळवण्याचा कोन, हे सगळं जुळायला हवं. न्यू जर्सीत 2011 पासून टीव्ही कचऱ्यात टाकायला बंदी आहे, त्यामुळे लोक फुकट द्यायला तयार असतात; वर "दोन घेऊन जा" असा आग्रहही करतात.

जुळणारा मिळाला. "ताई, मागे सर," म्हणत भावाने स्क्रूड्रायव्हरला बांधलेल्या वायरचं दुसरं टोक नळीभोवतीच्या अर्थिंगच्या तारेला अडकवलं. एक हात खिशात ठेवून त्याने पातं नळीवरच्या रबरी टोपीखाली सरकवलं. टक्! यंत्र बंद असूनही नळीत हजारो व्होल्ट साठून राहतात. एक हात खिशात अशासाठी, की चुकून धक्का बसलाच तर तो छातीतून आरपार जाऊ नये.

टीव्हीची फक्त नळी घेतली. योक, म्हणजे किरण वळवणारं तारेचं वेटोळं, मूळ यंत्राचाच ठेवला, कारण सर्किट त्याच्याच हिशेबाने बनलेलं असतं. मग मानेवरच्या चुंबकी कड्या केसभर फिरवत तिन्ही रंग एकावर एक आणणं सुरू झालं. याला अंत नसतो: मधला भाग जुळला की कोपरा हिरवट होतो. शेवटी खालचा एक कोपरा तसाच राहिला, पण लाल भूत पुन्हा लालभडक झालं.

भावाला आता अटारीचं 1981 सालचं टेम्पेस्ट हवंय. त्याचा मॉनिटर ओळी काढतच नाही, किरण थेट आकृतीच्या रेषांवरून फिरवतो; टीव्हीच्या सर्किटचा तिथे काडीचा उपयोग नाही. वहिनी म्हणाली, आधी हा टीव्हीचा सांगाडा रीसायकलिंग केंद्रावर पोचव, मग बघू.