पुण्याचे बोर्डे, इंग्लंडात मॅनेजर

कासारवाडी, शनिवार, २१ जुलै २००७

चंदू बोर्डे आज ७३ वर्षांचे झाले. वाढदिवस लॉर्ड्सवर, तोही भारतीय क्रिकेट संघाचे मॅनेजर म्हणून! प्रशिक्षक ग्रेग चॅपेल गेले, त्यांच्या जागी विचारलेल्या ग्रॅहम फोर्ड यांनी नकार कळवला, तेव्हा कुठे मंडळाला पुण्याची आठवण झाली. कारखान्यात दुसऱ्या पाळीत या विषयावर खसखस पिकली. एक पोरगा म्हणाला, “काका, या वयात नातवंडं खेळवायची की द्रविडला शिकवायचं?” म्हटलं, ५५ कसोट्या, ३०६१ धावा, ५२ बळी. १९५९ला दिल्लीत वेस्ट इंडीजचे हॉल आणि गिलख्रिस्ट आग ओकत असताना पहिल्या डावात १०९. दुसऱ्यातही शतक झालंच असतं, पण ९६वर हिट विकेट. पोरगा गप्प. पटलं म्हणून नव्हे, साहेब आले म्हणून.

सोमवार, २३ जुलै

लॉर्ड्स वाचलं. धोनी नाबाद ७६, नऊ गडी बाद, शेवटी अंधूक प्रकाश धावून आला. तिकडे उजेड नाही, इकडे भारनियमन. स्कोअर नाशिक फाट्यावरच्या टपरीवर कळला.

मंगळवार, ३१ जुलै

ट्रेंट ब्रिज जिंकलं, सात गडी राखून! आपल्या श्रीरामपूरच्या झहीरचे सामन्यात नऊ बळी. मला मात्र १९६४चा दसरा आठवला. ब्रेबोर्नवर ऑस्ट्रेलियाविरुद्ध आठ गडी बाद झालेले आणि बोर्डे नाबाद ३०, सामना आपला. असा माणूस ड्रेसिंग रूममध्ये नुसता बसला तरी पोरांना धीर येत असेल.

सोमवार, १३ ऑगस्ट

ओव्हल अनिर्णित, मालिका १-० आपली. इंग्लंडात मालिका जिंकणारे कप्तान १९७१ला वाडेकर, १९८६ला कपिल, आता द्रविड. श्रेय झहीरचं, कुंबळेच्या शतकाचं, द्रविडचं. मॅनेजरनं जिंकून दिलं असं मी म्हणणार नाही. पण आधीच्या गुरुजींनी ज्येष्ठ खेळाडूंची मनं पार विटवली होती, तिथं बोर्डे यांचा अनुभव कामी आला असणार. कप्तानाची खुर्ची त्यांना एकाच कसोटीपुरती मिळाली, १९६७ला अ‍ॅडलेडला, पतौडी जायबंदी म्हणून. १९८९ला कराचीत सोळा वर्षांच्या सचिननं पदार्पण केलं, तेव्हाही मॅनेजर तेच होते. निवड समितीचं अध्यक्षपदही दोनदा झालं. आमच्याकडे मशीनवरून वर गेलेल्या सुपरवायझरला कामगार न सांगता कळतो, तसंच हे.

एकदिवसीय सामने अजून बाकी आहेत. तिथं काहीही होवो, मंडळानं परदेशी गुरूची जाहिरात पुन्हा देण्याआधी या माणसाला एकदा विचारावं.