छातीवरचे पिस्तूल

शिकारकथेत हत्याराला एक ठरलेली जागा असते. कथा वाघाची असते, रानाची असते, शिकाऱ्याच्या भीतीची आणि धीराची असते. रायफल मात्र शेवटच्या परिच्छेदात गरजते आणि कोपऱ्यात उभी राहते. जिम कॉर्बेटला चंपावतच्या नरभक्षक वाघिणीच्या शिकारीनंतर 1907 साली .275 रिग्बी रायफल भेट मिळाली, हे त्याच्या वाचकांना ठाऊक असते. पण ती हातात कशी बसत होती, असा प्रश्न वाचताना सहसा पडत नाही. साहित्यात हत्यार हे साधन असते, निवड नसते.

नाटकाच्या विद्यार्थ्याला हत्याराविषयीचा दुसरा एक नियम माहीत असतो. पहिल्या अंकात भिंतीवर टांगलेली बंदूक पुढच्या अंकात उडालीच पाहिजे, हा चेखोव्हच्या नावे सांगितला जाणारा नियम. येथे ज्या पिस्तुलाविषयी लिहावयाचे आहे, ते या नियमाच्या नेमके उलट आहे. ते वर्षानुवर्षे छातीवर बाळगायचे, दर महिन्याला तेल लावून पुसायचे, त्याचा सराव करायचा, आणि ते कधीही उडू नये अशी आशा धरायची. शेवटचा अंक आला तरी ते उडाले नाही, तरच नाटक यशस्वी.

आम्ही दोघे, म्हणजे पती-पत्नी, अमेरिकेच्या मोंटाना राज्याच्या पश्चिम भागात राहतो. सप्टेंबरच्या आरंभी तेथे धनुर्धाऱ्यांचा हंगाम सुरू होतो. हा एल्क हरणांच्या माजाचा काळ. नराची ती शिटीसारखी, शेवटी घोगरी होत जाणारी साद पहाटेच्या दरीत ऐकली, की माणूस घरी राहू शकत नाही. वर्षाचे मांस एका जनावरात भागते. शिकार करावी की नाही, हा प्रश्न आमच्यापुरता आम्ही काही वर्षांपूर्वी सोडवला आहे आणि येथे तो पुन्हा उकरण्याचा हेतू नाही. प्रश्न वेगळाच उरला होता. हातात धनुष्य असताना कमरेला काय असावे?

या प्रश्नाचे कारण ग्रिझली अस्वल. अस्वलांच्या प्रदेशात जाणाऱ्या पदभ्रमण करणाऱ्यांना जे जे करू नका म्हणून सांगितले जाते, ते ते सारे शिकारी मुद्दाम करतो. बोलत चला, म्हणतात. तो मुका चालतो. पहाट आणि तिन्हीसांजा टाळा, म्हणतात. त्याचे सारे काम त्याच दोन वेळांना असते. वारा आपल्याकडून पुढे जाऊ द्या, म्हणतात; तो वाऱ्याच्या उलट दिशेने सरकतो, अंगाचा वास लपवतो, कपड्यांचा रंग झाडोऱ्यात मिसळू देतो. एवढ्यावर न थांबता तो तोंडाने एल्कच्या मादीचा आवाज काढतो, म्हणजे आपण भक्ष्य आहोत असे साऱ्या रानाला कळवतो. आणि जनावर पडले, तर रक्तमांसाच्या ढिगाशेजारी तास-दोन तास गुडघ्यांवर बसून राहतो. अस्वलाने फसावे अशी याहून पक्की व्यवस्था करता येणार नाही.

ग्रिझली ताशी सुमारे 55 किलोमीटर वेगाने धावू शकते. म्हणजे तीस मीटरवर दिसलेले अस्वल दोन सेकंदांत अंगावर येते. धनुष्यावर बाण चढवायलाही तेवढा वेळ पुरत नाही, आणि बाणाने अस्वल थांबतही नाही. ते मरते, पण नंतर. मोंटानात धनुष्याच्या हंगामात संरक्षणासाठी पिस्तूल बाळगता येते, त्याने एल्क मारता येत नाही. कायद्यानेच या हत्याराला शिकारीतून वगळले आहे. ते केवळ त्या दोन सेकंदांचे आहे.

येथून आमच्यात वाद सुरू झाला. आमच्यातील ‘तो’ .44 मॅग्नम रिव्हॉल्व्हरच्या बाजूचा. 1955 साली आलेले हे काडतूस आमच्या पिढीला इंग्रजी चित्रपटांनी पाठ करून दिलेले. 1971 च्या ‘डर्टी हॅरी’पासून ते सामर्थ्याचे दुसरे नावच झाले. रिव्हॉल्व्हरच्या बाजूने केवळ रोमान्स नव्हता. त्याची गोळी जड आणि जोरकस. शिवाय रिव्हॉल्व्हर अस्वलाच्या अंगात रुतवूनही झाडता येते. स्वयंभरण पिस्तुलाची वरची सरकती स्लाइड प्राण्याच्या अंगावर दाबली गेली तर किंचित मागे सरते, आणि मग चाप ओढूनही काडतूस पेटत नाही. हा मुद्दा खरा होता आणि अखेरपर्यंत खराच राहिला.

आमच्यातील ‘ती’ 10 मिलिमीटरच्या पिस्तुलाच्या बाजूची. या काडतुसाचा इतिहास एखाद्या उपेक्षित लेखकाच्या चरित्रासारखा आहे. 1983 साली ते ब्रेन टेन नावाच्या पिस्तुलाबरोबर अवतरले. जेफ कूपर हा नेमबाजीचा आचार्य त्याचा पुरस्कर्ता. काडतुसे स्वीडनच्या नॉर्मा कंपनीने तयार केलेली. 200 ग्रेनची, म्हणजे सुमारे 13 ग्रॅमची गोळी, वेग सेकंदाला 365 मीटरच्या आसपास. तीन वर्षांत पिस्तुलाची कंपनी बुडाली. पुढे 11 एप्रिल 1986 रोजी मायामीतील चकमकीत एफबीआयचे दोन अधिकारी मारले गेले, आणि अधिक प्रभावी काडतुसाच्या शोधात एफबीआय याच काडतुसाकडे वळली. पण त्याचा धक्का फार वाटला. दारू कमी केली गेली. आणि दारू कमीच करावयाची तर एवढे लांब काडतूस हवे कशाला, म्हणून ते आखूड करून 1990 साली.40 स्मिथ अँड वेसन हे नवे काडतूस निघाले. मूळ दहा मिलिमीटर मागे पडले. शहराला जे अतिरेकी वाटले, ते पुढे रानाने उचलले. ईशान्य ग्रीनलंडमध्ये कुत्र्यांच्या घसरगाड्यांवरून गस्त घालणारे डेन्मार्कचे सिरियस पथक ध्रुवीय अस्वलांपासून बचावासाठी दहा मिलिमीटरचे ग्लॉक 20 बाळगते, हे उदाहरण अमेरिकेतील शिकाऱ्यांच्या बैठकीत हमखास निघते.

आकडे मांडायचे तर असे. साध्या 9 मिलिमीटरच्या गोळीची ऊर्जा सुमारे 500 ज्यूल, दहा मिलिमीटरच्या जड गोळीची 870 च्या आसपास, .44 मॅग्नमची 1300 च्या आसपास. आणि एल्कच्या शिकारीत नेहमी दिसणाऱ्या.30-06 रायफलची 3800 च्या घरात. शेवटचा आकडा पाहिला की बाकीच्यांतील भांडण थोडे केविलवाणे वाटू लागते. पिस्तुलातील कोणतीही ‘शक्ती’ ही अस्वलापुढे अपुरीच शक्ती आहे. तेव्हा ती नेमक्या जागी पोचली पाहिजे, आणि एकदा नव्हे, दोन-तीनदा पोचली पाहिजे.

गावाबाहेरच्या नेमबाजीच्या मैदानावर आम्ही दोन्ही हत्यारे मागून आणली. सात मीटरवर कागदी ताटली. .44 चा पहिला बार दोघांचाही बरा लागला. दुसरा बार मात्र एकाचा पाऊण सेकंदाने झाला आणि दुसरीचा जवळजवळ दोन सेकंदांनी, कारण नळी आकाशाकडे गेलेली, मनगट दुखावलेले, आणि डोळे पुढच्या धक्क्याच्या आधीच मिटत होते. दोन सेकंद म्हणजे तीस मीटर. तीस मीटर म्हणजे सारे आयुष्य. दहा मिलिमीटरच्या ग्लॉकवर दोघांच्याही चार गोळ्या तेवढ्याच वेळात ताटलीत गेल्या. मॅगझीनमध्ये पंधरा, भरलेले वजन सव्वा किलोच्या आत. अर्थात त्याच्याही अटी होत्या. मनगट सैल धरले तर स्लाइड पुरती मागे जात नाही आणि पुढचे काडतूस अडकते. अस्वलासाठी हवी ती न पसरणारी, खोल जाणारी, कठीण शिशाची गोळी. पण ग्लॉकच्या नळीतील बहुकोनी आट्यांमध्ये उघडे शिसे वापरू नये असे कंपनीच सांगते. म्हणून आम्ही तांब्याची घन गोळी निवडली आणि तिची शंभर काडतुसे एकही न अडकता झाडली गेल्यावरच तिच्यावर विश्वास टाकला.

परंतु निर्णय या हिशेबाने झाला नाही. तो झाला एका साध्या प्रश्नाने. आमच्यातील ‘ती’ने विचारले, “अस्वल तुझ्यावर असेल, तर गोळी कोण झाडणार?”

शिकाऱ्याच्या मनातील चित्रात अस्वल नेहमी समोरून आपल्यावर येत असते, आणि आपण पाय रोवून उभे असतो. ते चित्र एकट्याचे आहे. बहुधा वाचनातून आलेले आहे. प्रत्यक्षात दोघांतील एक जण खाली असतो आणि दुसरा दहा पावलांवर. सप्टेंबर 2018 मध्ये वायोमिंगच्या टेटन रानात एक वाटाड्या आणि त्याच्याबरोबर आलेला शिकारी आदल्या दिवशी बाणाने पडलेला एल्क साफ करीत असताना ग्रिझलीने हल्ला केला. पिस्तूल अंगावर नव्हते, सामानापाशी होते. ते शिकाऱ्याच्या हाती लागले, पण त्याला ते झाडता आले नाही. त्याने ते वाटाड्याकडे फेकले आणि ते पोचले नाही. वाटाड्या वाचला नाही. त्या पिस्तुलाची ताकद किती होती, हा प्रश्न तेथे उद्भवलाच नाही.

म्हणजे हत्यार आपल्यासाठी नसते, सोबत्यासाठी असते. ते दोघांपैकी कमी बळाच्या मनगटाला पेलले पाहिजे, आणि ज्याने ते बाळगले नाही त्यालाही अंधारात चालवता आले पाहिजे. सामर्थ्याची मर्यादा सर्वांत बलवान हाताने नव्हे, तर दुसऱ्या हाताने ठरते. .44 चा पक्ष त्या संध्याकाळी संपला. दोन सारखी पिस्तुले घेतली. कमरेला पिशवीचा पट्टा येतो म्हणून दोन्ही छातीवरच्या म्यानात. काडतूस नळीत चढवलेले.

येथे अभ्यासकांचे म्हणणे टाळून पुढे जाणे अप्रामाणिक ठरेल. टॉम स्मिथ, स्टीफन हेरेरो आणि सहकाऱ्यांनी 2008 साली अलास्कातील नोंदींच्या आधारे दाखवले, की मिरचीच्या अर्काचा फवारा तपकिरी अस्वलांच्या 92 टक्के प्रसंगांत परिणामकारक ठरला. 2012 साली त्यांनीच 269 प्रसंगांच्या अभ्यासातून बंदुकांविषयी लिहिले: पिस्तुले 84 टक्के, लांब बंदुका 76 टक्के यशस्वी, पण हत्यार वापरणारे आणि जवळ असून न वापरणारे यांच्या दुखापतींत लक्षणीय फरक आढळला नाही. या दोन अभ्यासांतील प्रसंग एकसारखे नसल्याने आकडे समोरासमोर ठेवणे योग्य नाही, आणि वायोमिंगच्या त्या वाटाड्याने फवाराही वापरला होता. तरीही आम्हाला एक गोष्ट पटली: सोबती अस्वलाखाली असताना फवारा चुकून त्याला लागला तर तो खोकेल, गोळी लागली तर तो मरेल. म्हणून फवारा कमरेला डाव्या बाजूस असतो, आणि आधी तो. पिस्तूल नंतर.

नागपूरला फोनवर हे सांगितले तेव्हा आई म्हणाल्या, “रानात अस्वल असतं, तर रानात जाता कशाला?” प्रश्न बिनतोड होता. आमच्यातील एकाचे आजोळ गडचिरोलीकडचे. तेथे मार्च-एप्रिलमध्ये पहाटे मोहफुले वेचायला बायाबापड्या रानात जातात, अस्वलही त्याच फुलांसाठी त्याच झाडाखाली येते, आणि वेचणाऱ्यांच्या हाती टोपलीखेरीज फार तर काठी किंवा कुऱ्हाड असते. त्यांना निवड नसते. कोणते हत्यार बाळगावे हा प्रश्न पडणे हीच एक चैन आहे, हे आईंनी न बोलता सांगितले. खंडेनवमीला आम्ही धनुष्यांची, सुऱ्यांची पूजा केली; पिस्तुले पाटावर ठेवावीत की नाही यावर बराच वेळ गेला. शेवटी ठेवली, पण त्यांच्यापुढे काही मागितले नाही.

विल्यम फॉकनरच्या ‘द बेअर’ या कथेतील मुलाला म्हाताऱ्या अस्वलाचे दर्शन हवे असते. ते बंदूक असेपर्यंत होत नाही. तो बंदूक मागे ठेवतो, आणि मग घड्याळ व होकायंत्रही झुडपाला टांगतो, तेव्हा अस्वल दिसते. वर्गात ही कथा निसर्गापुढे अहंकार उतरवण्याची म्हणून शिकवली जाते, आणि ते वाचन योग्यच आहे. परंतु मोंटानाच्या पहाटेत ती आठवताना लक्षात येते, की तो मुलगा त्या क्षणी एकटा होता. एकट्याला हत्यार टांगून ठेवण्याचा अधिकार असतो. तो स्वतःचाच जीव पणाला लावत असतो. आम्ही दोघे आहोत. मागून येणाऱ्या पावलांचा आवाज ऐकू येत असेतो हे सव्वा किलो वजन छातीवरून उतरवता येत नाही.