छातीतली धडधड

परीक्षेच्या दिवसांतली गोष्ट. नोकरीवरून सुटलो की संध्याकाळी मी पनवेलच्या आमच्या वस्तीतल्या अभ्यासिकेत बसतो. एस.वाय.बी.कॉम.चा एक मुलगा चार दिवस आला नाही, म्हणून घरी गेलो. वडील नाका कामगार. आई म्हणाली, "भाऊ, पेपर जवळ आला की याच्या पोटात कळ येते, छाती धडधडते, हात गार पडतात. ई.सी.जी. काढला, काही निघालं नाही. शेजारी म्हणतात, बाहेरचं आहे."

मुलगा खाली मान घालून म्हणाला, "काका, तुम्ही सांगता, बाबासाहेब अठरा तास अभ्यास करायचे. मला दोन तासही जमत नाही. नापास झालो तर घराचं काय?"

मी गप्प झालो. हिंमत यावी म्हणून सांगितलेले माझेच वाक्य त्याच्या मानेवर ओझे होऊन बसले होते. टी.वाय.ला कॉस्टिंगच्या पेपरात मलाही घाम फुटला होता, आकडे दिसेनासे झाले होते. ते मी कधी कोणाला सांगितले नव्हते. त्याला सांगितले. त्याने पहिल्यांदा मान वर केली.

ही बाधा नव्हे, आळसही नव्हे. संकट वाटले की शरीर पळायला सज्ज होते, म्हणून छाती धडधडते. थोडी भीती सर्वांनाच असते. पण झोप उडणे, पोट बिघडणे, चिडचिड, कॉलेज टाळणे हे आठवडेच्या आठवडे चालले, तर तो चिंतेचा विकार असू शकतो. तो उपचाराने आटोक्यात येतो.

आम्ही सुरुवात केली. धडधड वाढली की पाय जमिनीवर टेकवायचे, श्वास हळू घ्यायचा, त्याहून हळू सोडायचा. एका वेळी एकच गणित. रात्रीचा चहा बंद, झोप पुरी. तेवढ्याने भागेना, तेव्हा मानसोपचार डॉक्टरांकडे गेलो. सरकारची 'टेली मानस' सेवा २०२२ पासून आहे. १४४१६ वर चोवीस तास, मराठीतही, मोफत बोलता येते. जगणे नको असे कोणी बोलले, तर त्याला एकटे सोडू नका. लगेच मदत मागा.

तो पेपरला बसला. एक विषय राहिला, ए.टी.के.टी. लागली. वडील म्हणाले, "असू दे, पुन्हा दे." हे चार शब्द औषधाइतकेच कामी आले.

पालकांनो, बाबासाहेबांचे अठरा तास मुलांना जरूर सांगा. पण त्याआधी विचारा, "बाळा, रात्री झोप लागली का?"