वर्षभराने तोडलेला लोंगर

आज वाडीतला लोंगर वर्षभराने मी स्वतः तोडला.

गेल्या पावसाळ्यात बावखलाच्या काठावर पडलो, हृदयच बंद. 108 ची गाडी येईपर्यंत शेजारच्या पोराने छाती दाबली, म्हणून वाचलो. मला त्यातलं काहीच आठवत नाही. बायकोला सगळं आठवतं.

दम लागेल, विसरायला होईल, असं डॉक्टर बोलले होते. तसंच झालं. मोटर चालू ठेवून विसरलो, दोनदा वाफे वाहून गेले. पण घरच्यांचं काय होतं ते कुणी सांगितलं नव्हतं. ही अजून रात्री उठून माझ्या नाकाशी हात धरते.

डिसेंबर 2023 मध्ये अभिनेते श्रेयस तळपदेंचं हृदय थांबलं होतं. वर्षभराने हिंदी ‘पुष्पा 2’ मध्ये त्यांचा आवाज ऐकला. परत आलेला माणूस आपल्याला दिसतो, घरच्यांच्या रात्री दिसत नाहीत.

आता तपासणीला जातो तेव्हा हिलाही डॉक्टरांशी बोलायला बसवतो. शिवाय आम्ही सगळे छाती दाबायला शिकलो: मधोमध, दोन इंच खोल, मिनिटाला 100 ते 120 वेळा. पहिली हीच पुढे आली. तुम्हीपण शिका.

लोंगर तोडताना खाली धरायला कुणीतरी लागतंच. आज हिने धरला.