एल, यू आणि आई

वेड पांघरून लोक ज्या पेडगावला जातात ते भीमेकाठचं, श्रीगोंदा तालुक्यातलं. आमचं पेडगाव परभणी जिल्ह्यातलं. इथं यायला काही पांघरावं लागत नाही. मात्र आल्यावर घराचं काम काढलं, तर अंगचं शहाणपण टिकेलच अशी हमी नाही.

आम्ही जुनं माळवद उतरवून स्लॅब टाकला. स्वयंपाकघराला जागा निघाली ८ फूट बाय ११. परभणीच्या एका दुकानदारानं चकचकीत पुस्तक हाती ठेवलं. त्यात स्वयंपाकघरं कमी आणि इंग्रजी मुळाक्षरंच जास्त होती. एका भिंतीला ओटा म्हणजे ‘आय’, दोन भिंतींना ‘एल’, तीन भिंतींना ‘यू’. शिवाय मधोमध ओट्याचं ‘बेट’! बेटाभोवती चहूकडून तीनेक फूट तरी मोकळं लागतं. म्हणजे आमच्याकडे बेट राहिलं असतं आणि माणसं अंगणात.

समोरासमोर दोन ओटे मला पसंत होते. सौ. म्हणाली, “अहो, मागच्या दाराची वाट मधूनच जाते ना? हाती तापलेला तवा आणि समोरून तुमची स्वारी टमरेल घेऊन!” ते बाद झालं. ‘यू’मध्ये मधे चार फूट उरत होते. एका बाईला ते पुष्कळ, सासू-सुनेला नाही.

मग दुकानदारानं त्रिकोण काढला. शेगडी, बेसिन आणि फ्रीज यांच्यामधल्या तीन अंतरांची बेरीज १३ फुटांहून कमी नको, २६हून जास्त नको. हा हिशेब अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात १९४०च्या दशकात मांडला गेला म्हणे. मी आईकडे पाहिलं. चुलीपुढं पाटावर बसली, की पिठाचा डबा डाव्या हाताला, पाण्याचा तांब्या उजव्या हाताला, उतरलेली भाजी भानवशीवर. तिच्या त्रिकोणाची बेरीज हातभर. इलिनॉयवाल्यांनी तिला नापास केलं असतं!

खरी अडचण इथंच होती. उभ्या ओट्यापुढं आईचे गुडघे दहा मिनिटांत बोलू लागतात. खाली गॅस मांडावा, तर शेगडी सिलिंडरपेक्षा उंच हवी हा नियम. म्हणजे ओटा झाला, की आई स्वयंपाकघराबाहेर. ती काही बोलली नाही. फक्त परात घासून ओसरीवर नेऊन ठेवली. पन्नास वर्षं ज्या बाईनं घराला ज्वारीची भाकरी घातली, तिनं आता टीव्हीपुढं बसायचं, एवढाच त्या परातीचा अर्थ होता.

जर्मनीत फ्रँकफुर्ट शहरी १९२६ साली मार्गारेटे श्युटे-लिहोत्स्की नावाच्या बाईंनी असंच चिंचोळं स्वयंपाकघर आखलं, साधारण सव्वासहा फूट बाय अकरा. तशी दहाएक हजार झाली. गंमत म्हणजे तोवर बाईंनी स्वतः कधी स्वयंपाक केलेला नव्हता! पण अक्कल पाहा, कामाला बसण्यासाठी त्यांनी फिरतं स्टूल ठेवलं होतं.

हे मी रात्री मोठ्यानं वाचलं. सौ. तडक उठली आणि टेप घेऊन आली. “आत्याबाई, खुर्चीवर बसा बरं.” कोपरापाशी माप घेतलं. सकाळी गवंड्याला सांगितलं, “ओटा एलच घाला. ३३ इंच उंच. पण खिडकीपाशी तीन फूट तुकडा २८ इंचांवर आणा. त्याच्याखाली पाय जायला मोकळं सोडा. सिलिंडर पलीकडं.”

“खुर्चीवर बसून भाकरी?” आई म्हणाली, “मी काय कचेरीतली बाई हाव का?”

तरी बसली. आता सौ.सुद्धा कणीक तिथंच मळते. बुटक्या ओट्यावर अंगाचा भार पडतो, खांद्याला कळ लागत नाही. फक्त त्यासाठी आधी आईची परवानगी काढावी लागते, आणि साहेब जागेवर असले तर ती मिळत नाही.