भाडं पोचलं

नॉक्सव्हिलच्या त्या घराचं एका सत्राचं भाडं मी पैशात दिलेलं नाही. ते तव्यावर दिलं. महिना 180 डॉलर, 1998 च्या जानेवारीपासून मेपर्यंत. हिशेब दोन्हीकडून चोख होता असं ती बाई शेवटपर्यंत म्हणत राहिली. मला ते अजून पटलेलं नाही.

टेनेसी राज्यातल्या या गावात मी 1997 च्या ऑगस्टमध्ये एम.एस. करायला गेलो. विद्यापीठाला लागून फोर्ट सँडर्स नावाची चढावरची वस्ती आहे. जुनी लाकडी घरं, पुढे व्हरांडा, व्हरांड्यात मोडका सोफा आणि त्यावर विद्यार्थी. अशाच एका घराच्या माडीवर मला खोली मिळाली. मोडका सोफा मात्र तिथे नव्हता, कारण खाली मालकीणबाई स्वतः राहत. वय पंचाहत्तरीच्या आसपास, नवरा वारलेला, मुलगी दुसऱ्या राज्यात. त्यांचं नाव लिहीत नाही. मी त्यांना 'मॅम' म्हणत असे. त्या भागात थोरामोठ्यांना नुसतं 'हो' किंवा 'नाही' असं तोडून उत्तर देणं उद्धटपणाचं समजतात, पुढे 'मॅम' किंवा 'सर' लागतंच. कोल्हापुरात वाढलेल्या मुलाला यात नवीन काहीच नव्हतं.

डिसेंबरात माझ्या असिस्टंटशिपच्या प्रकल्पाचा निधी संपला. फी माफ राहिली, पण हातात येणारा पगार थांबला. पुढची सोय उन्हाळ्यात होणार होती. विद्यार्थी व्हिसावर कॅम्पसबाहेर नोकरी करता येत नाही. ग्रंथालयात पुस्तकं लावायचे थोडे तास मिळाले, त्यात पोटापुरतं निघालं असतं, भाड्यापुरतं नाही. मी खाली जाऊन सांगितलं की खोली सोडतो, एका मित्राच्या हॉलमध्ये पथारी टाकेन.

मॅमनी उत्तर दिलं नाही. दोन्ही हात टेबलावर पालथे ठेवले. संधिवाताने बोटांची पेरं सुजून वाकडी झाली होती. शेगडीकडे मान करून म्हणाल्या, "तो तवा मला आता उचलत नाही. मंगळवारी आणि शुक्रवारी मला नीट जेवण हवंय. तू उचल."

"काय करायचं, मॅम?"

"हॅम्बर्गर स्टेक. वर ब्राऊन ग्रेव्ही."

मी म्हणालो, मी गाईचं मांस खात नाही.

"खायला कोण सांगतंय? खाणार मी आहे."

त्या रात्री कॉलिंग कार्डावर घरी फोन लावला. आमच्या घरी रविवारचं मटण कधी चुकलं नाही, पण हे वेगळं होतं. वडिलांना विचारण्यात अर्थ नव्हता, म्हणून आईला विचारलं. आई थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "म्हातारीचं अन्न आहे ते, तिला करून घाल. हात स्वच्छ धू म्हणजे झालं." पुढे तिने ग्रेव्हीत आलं-लसूण किती घालतात तेही विचारलं. काहीच घालत नाहीत म्हटल्यावर तिला त्या म्हातारीची जास्तच कीव आली.

तो तवा लॉजचा होता. बिडाचा, बारा इंची, काळाकुळकुळीत. लॉजची ओतशाळा याच राज्यात, साउथ पिट्सबर्ग नावाच्या गावात, 1896 पासूनची. मॅमच्या सासूने तो वापरलेला होता. रिकामा असताना साडेतीन किलोंच्या पुढे, भरला की एका हाताने उचलायची गोष्टच नाही.

मला चव घेता येत नव्हती. म्हणजे घ्यायची नव्हती. त्यामुळे ही बाई मला जे शिकवायची ते डोळ्यांनी, कानांनी आणि नाकाने. चवीचं खातं तिने स्वतःकडे ठेवलं. एवढी कडक शिकवणी मला विद्यापीठातही कुणी दिली नाही.

खिमा 'चक'चा, म्हणजे जनावराच्या खांद्याकडच्या भागाचा, पाचातला एक भाग चरबी असलेला. दुकानात त्याहून कमी चरबीचा महागडा खिमा असे, तो आणला की त्या परत पाठवत. चरबी सुटली नाही तर ग्रेव्ही कशाची करणार? एक पौंड खिम्याला एक अंडं, मूठभर चुरलेली खारी बिस्किटं, किसलेला थोडा कांदा, वूस्टरशर सॉसचे चार थेंब, मीठ, मिरी. हे सगळं बोटांच्या टोकांनी जेमतेम एकत्र करायचं. मळायचं नाही. मळलं की खिम्याचे धागे एकमेकांना धरतात आणि स्टेक रबरी होतो. कणीक मळणाऱ्या घरात मोठ्या झालेल्या माणसाला हात आवरणं कठीण जातं. मॅम काठीने टेबलाच्या पायावर टकटक करत.

मग पाऊण इंच जाड, लांबट गोळे थापायचे आणि प्रत्येकाच्या मध्ये अंगठ्याने खळगा करायचा. मांस तापलं की कडा आकसतात आणि मधला भाग फुगतो. खळगा असला की शेवटी सपाट राहतो.

तवा धूर येईपर्यंत तापवायचा, स्टेक ठेवायचा आणि मग त्याला हात लावायचा नाही. ही सगळ्यात अवघड पायरी होती. मला सारखं उलथन्याने डोकावून बघावंसं वाटे. मॅम पाठमोऱ्या बसूनच सांगत, "अजून नाही." त्यांना आवाजावरून कळे. मांसातलं पाणी उडत असतं तोवर आवाज फुटका, घाईचा असतो. पाणी संपून चरबीत तळण सुरू झालं की तो खाली उतरतो, एकसारखा होतो. तेव्हा खरपूस कवच धरतं आणि तोवर तव्याला घट्ट चिकटलेला स्टेक आपणहून सुटतो. हे का होतं ते मी नंतर वाचलं. मांसातली प्रथिनं आणि साखर उष्णतेने एकमेकांशी भिडून तो तपकिरी रंग आणि वास तयार करतात. लुई-कामिय माइयार या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने 1912 मध्ये हे मांडलं. मॅमना मी माइयार समजावून सांगायला गेलो. त्या म्हणाल्या, "बरा माणूस दिसतोय. आता कांदा टाक."

दोन्ही बाजू झाल्या की स्टेक ताटलीत काढायचे. तव्यात उरलेल्या चरबीत उभा चिरलेला कांदा, तपकिरी होईपर्यंत. इथे मला कुणी काही शिकवायची गरज पडली नाही. कांदा परतणं हे आमच्या रक्तातच आहे. मॅमनी मागे वळून एकदा वास घेतला आणि पुढच्या सगळ्या शिकवण्यांत कांद्याविषयी अवाक्षर काढलं नाही. मी त्याला माझं प्रमाणपत्र मानतो.

मग कांदा कडेला सारून तीन चमचे चरबीला तीन चमचे मैदा. तो व्हाइट लिलीचाच. नॉक्सव्हिलच्याच गिरणीत दळलेला, मऊ गव्हाचा, चिकटपणा कमी असलेला. कच्च्या पिठाचा वास जाऊन भाजक्या शेंगदाण्याचा वास येईस्तोवर परतायचा. फार काळा केला तर रंग देखणा येतो पण ग्रेव्ही दाटत नाही, कारण जास्त भाजलेल्या पिठाची धरून ठेवायची ताकद जाते. मग गरम बीफ स्टॉक, आधी जेमतेम अर्धी वाटी, घोटून लगदा झाला की उरलेला, एकूण दोन कप. लाकडी उलथन्याने तव्याचा तळ खरवडत राहायचं, कारण सगळी चव तिथे चिकटलेली असते. चमच्याच्या पाठीवर बोटाने रेघ ओढली आणि ती मिटली नाही की झालं. स्टेक परत ग्रेव्हीत, वर झाकण, मंद आचेवर दहा-पंधरा मिनिटं. शेवटी मॅम चमचा तोंडाला लावत. "मीठ," किंवा नुसतं "हं." 'हं' म्हणजे जमलं.

सोबत कुस्करलेला बटाटा आणि डब्यातले वाटाणे. वाटाण्यांविषयी न बोललेलं बरं.

माझ्यासाठी त्याच पद्धतीने टर्कीच्या खिम्याचे वेगळे स्टेक होत, वेगळ्या छोट्या तव्यात. ही सोय मी मागितली नव्हती. दुसऱ्या आठवड्यात फ्रिजमध्ये टर्कीचा खिमा आणि भाजीचा स्टॉक आलेला होता. टर्कीला चरबी कमी असते म्हणून वरून लोणी. खाल्ल्यावर माझं पहिलं मत असं झालं की हे आजाऱ्याचं जेवण आहे. तिखट नाही, मसाला नाही, मिरीचा नुसता सुगावा. मार्च उजाडेपर्यंत मी शुक्रवारची वाट पाहू लागलो होतो.

जेवताना त्या बोलत. 1944 मध्ये, विशीत, त्या ओक रिजच्या एका कॅफेटेरियात कामाला होत्या. नॉक्सव्हिलपासून मोटारीने अर्ध्या तासावरचं हे गाव सरकारने युद्धात गुपचूप वसवलं. 1942 मध्ये तिथे शेतं होती, 1945 मध्ये पंचाहत्तर हजार माणसं. नकाशावर नाव नाही. पाळ्या चोवीस तास, त्यामुळे कॅफेटेरियाही चोवीस तास. मांसाचं रेशनिंग 1943 च्या मार्चपासून सुरू झालेलं. चांगल्या तुकड्यांना कूपनचे जास्त पॉइंट लागत, खिम्याला कमी. खिम्यात पावाचा चुरा घालून वाढवायचा आणि ग्रेव्हीने झाकायचा. शंभर माणसांचा खिमा दीडशेंना पुरवायची ती विद्या होती, आणि स्टेक हे नाव तिला लाज झाकायला दिलेलं.

"आपण तिथे काय बनवत होतो ते बाकीच्यांना हिरोशिमाच्या दिवशी रेडिओवर कळलं," त्या म्हणाल्या. "मला आधीपासून माहीत होतं. मी ग्रेव्ही बनवत होते."

यावर हसायचं की नाही ते मला तेव्हा ठरवता आलं नाही. त्या हसल्या नव्हत्या.

याच पदार्थाचा एक चुलतभाऊ म्हणजे सॅलिसबरी स्टेक. जेम्स सॅलिसबरी नावाच्या अमेरिकन डॉक्टरने 1888 मध्ये पुस्तक लिहून लोकांना सांगितलं की दिवसातून तीनदा भाजलेला बीफ खिमा खा, वर गरम पाणी प्या, आणि भाज्या-पिठूळ पदार्थ जपून. पुढे त्याचं नाव लागलं ते अॅल्युमिनियमच्या ट्रेमधल्या गोठवलेल्या जेवणाला, तेही पिठाच्या ग्रेव्हीत आणि बटाट्याशेजारी. डॉक्टरांना काय वाटलं असतं कोण जाणे. मॅमसमोर मी एकदा आपल्या स्टेकला 'सॅलिसबरी' म्हणालो, तर त्यांनी चमचा खाली ठेवला. ते डब्यात मिळतं, त्या म्हणाल्या, हे घरात होतं.

स्वयंपाकघरात चर्चकडून मिळालेलं कॅलेंडर टांगलेलं असे. दर महिन्याच्या एक तारखेच्या चौकोनात त्या वाकड्या अक्षरात लिहीत: भाडं पोचलं, जेवण. मे महिन्यापर्यंत पाच वेळा लिहिलं.

2000 साली मला डेट्रॉइटकडे नोकरी लागली. पहिल्या पगारातून त्या पाच महिन्यांचा नऊशे डॉलरचा चेक पाठवला, बरोबर लांबलचक पत्र. ऋणानुबंध वगैरे इंग्रजीत सांगायचा प्रयत्न केला होता. आठवड्याने पाकीट परत आलं. चेकचे दोन तुकडे आणि जुन्या कॅलेंडरची पाच पानं, चौकोनांभोवती लाल पेन्सिलीने गोल. पत्राला उत्तर नव्हतं. दुसऱ्यांदा पैसे मागणारी मालकीण मी नाही, असं त्या फोनवर म्हणाल्या आणि डेट्रॉइटला बर्फ किती आहे ते विचारलं.

त्यांना मदतीला चर्चच्या बायका होत्या. कुणीही येऊन तो तवा उचलून दिला असता, फुकट. म्हणून हिशेब चोख होता हे मला पटत नाही. पण उपकार केले असंही त्यांनी मला कधी म्हणू दिलं नाही, आणि खरं सांगायचं तर म्हणू दिलं असतं तर मी जानेवारीतच मित्राच्या हॉलमध्ये गेलो असतो.

2003 मध्ये मी परत आलो. 2006 मध्ये त्या गेल्या. त्यानंतर दोन वर्षांनी, 2008 मध्ये, व्हाइट लिलीची नॉक्सव्हिलमधली गिरणी बंद झाली आणि दळण दुसऱ्या राज्यात गेलं. ही बातमी वाचून माझ्या मनात पहिलं आलं ते हे की बरं झालं, हे त्यांना पाहावं लागलं नाही.

कोल्हापुरात मी तोच पदार्थ मटणाच्या खिम्याचा करतो. खाटकाला सांगावं लागतं की चरबी काढू नको, आणि तो दर वेळी माझ्याकडे संशयाने बघतो. स्टॉकला आमच्याकडे उत्तर तयारच आहे: अळणी. रश्श्यासाठी मटण शिजवलं की वाटीभर बाजूला काढून ठेवायची. हळद-आल्याचा वास येतो, तो मॅमना चालला नसता. बिडाचा तवा इथे मिळतो, जरा उथळ, पण चालतो. आई सत्तरीत आहे. ती खाते, आणि खाताना ताटाच्या कडेला कांदा-लसूण चटणी ठेवते. मी काही म्हणत नाही.

गेल्या वर्षी मॅमच्या नातीचा ईमेल आला. आजीच्या कागदांत माझं जुनं पत्र सापडलं होतं. आजीने हा पदार्थ कधी लिहून ठेवला नाही, आईलाही धड येत नाही, तुला येतो का? मी दोन रात्री बसून सगळं लिहिलं, आवाज कसा उतरतो त्यासकट. तिने करून पाहिलं आणि फोटो पाठवला. कवच छान धरलं होतं. खाली प्रश्न: आजी यात मश्रूम घालायची ना? मला पक्कं आठवतंय.

मी कळवलं, कधीच नाही. तिला मश्रूमचा तिटकारा होता. नात अजून ऐकत नाही. पुढच्या मंगळवारी व्हिडिओ कॉलवर दोघांनी एकदमच करून बघायचं ठरलंय.